परमुलखातली चूल

परगावी नोकरीला निघालेल्या माणसाचे सामान घरची मंडळी कसे बांधतात, हे तुम्हांला सांगायला नको. कपडे आणि पुस्तके एका कोपऱ्यात जातात. बाकी जागा मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी यांची. तिकडे काय मिळेल, काय खाशील, या काळजीने आई निम्मे घर त्या सामानात कोंबते. त्या बरण्या दोन-तीन महिने पुरतात. बरण्या संपल्या की खरा परदेश सुरू होतो.

आज माझा विषय तोच आहे. परमुलखात शिकवायला गेलेल्या शिक्षकाचे रोजचे जगणे आणि त्याची चूल. एवढ्या मोठ्या जगात हा चुलीचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण परमुलखात शिक्षकाची पहिली शाळा चुलीपाशीच भरते, आणि त्या शाळेत तो स्वतः विद्यार्थी असतो, असे माझे मत आहे. ते पटते का पाहा.

मुलूख इथिओपियाचा घेऊ. आफ्रिका खंडाच्या पूर्वेचा हा डोंगराळ देश. लोकसंख्या १२ कोटींच्या वर. आपल्याकडे त्याला पूर्वी हबसाण म्हणत आणि तिथल्या माणसांना हबशी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर तिथलाच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनेत आला, राज्याचा कारभारी झाला, १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. म्हणजे तिकडून इकडे येण्याची वाट फार जुनी आहे. इकडून तिकडे जाण्याची वाट शिक्षकांनी रुळवली. १९४१ साली इटलीची राजवट हटल्यावर त्या देशात शाळा नव्याने उभ्या राहू लागल्या आणि शिक्षक कमी पडले. सम्राट हेले सेलासी यांच्या कारकिर्दीत, १९७४ पर्यंत, भारतातून शिक्षक मोठ्या संख्येने तिकडे गेले. पुढे २००० नंतर तिथे नवनवी विद्यापीठे निघाली, तेव्हा भारतीय प्राध्यापकांची दुसरी लाट गेली.

आता समजा, अशी नेमणूक तुम्हांला मिळाली आहे आणि तुम्ही बाहिर दार शहरात उतरला आहात. ताना नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे, त्याच्या काठचे हे शहर. निळी नाईल नदी याच सरोवरातून निघते. लोक तुम्हांला ‘मेम्हिर’ म्हणून हाक मारतात. मेम्हिर म्हणजे आपले गुरुजी. हाकेत आदर पुष्कळ असतो. पण आदराने पोट भरत नाही, तेव्हा संध्याकाळी तुम्ही डाळ शिजत घालता.

डाळ शिजत नाही. तासभर झाला तरी दाणा बोटाला टणक लागतो. डाळ जुनी आहे का? पाणी जड आहे का? तसे काही नाही. बाहिर दार समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ९४ अंशांच्या आसपासच उकळू लागते. राजधानी अदिस अबाबा त्याहून उंच. तिथे ते ९२ अंशांवरच उकळते. पाणी खळखळते, पण त्यात हवी तेवढी उष्णता नसते. उपाय आपल्या ओळखीचा, प्रेशर कुकर. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी चढ्या अंशावर उकळते, आणि डाळ मऊ होते. बरं का शिक्षकमित्रांनो, उत्कलनबिंदूचा पाठ शिकवायला याहून चांगले साधन नाही. घरोघरच्या आयांना न शिजणारी डाळ ठाऊक असते. तिचे कारण मुलांना वर्गात कळले, तर तो धडा मुले घरी जाऊन आईला सांगतात.

दुसरा धडा घड्याळाचा. कुणी तुम्हांला सांगितले, ‘मेम्हिर, उद्या तीन वाजता घरी या,’ तर दुपारी जाऊ नका. तिथला दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. ऐकायला विचित्र वाटते. पण सूर्योदयापासून घटका मोजण्याची आपल्या पंचांगाची रीत आठवा, मग त्यात वावगे काही वाटणार नाही. शेतकऱ्याचा दिवस उजाडताच सुरू होतो. मग घड्याळाने मध्यरात्रीपासून का मोजावे? वर्षाचे महिनेही त्यांचे तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा.

आता बाजारात जाऊ. तिथे एक धान्य दिसेल, तेफ. दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये अडीच-तीन हजार दाणे बसतात. आपली राजगिऱ्याची कणी घ्या आणि तीही याच्यापुढे मोठी समजा. मुठीतून निसटला की मातीत हरवलाच. या बारीक दाण्यावर त्या देशातल्या कोट्यवधी माणसांचे पोट चालते. त्यापासून जी भाकरी करतात तिला इंजेरा म्हणतात.

इंजेराची कृती ऐका, म्हणजे तुम्हांला आपली आंबोळी आठवेल. तेफाचे पीठ पाण्यात कालवायचे. त्यात मागच्या खेपेच्या आंबवणातले पिवळसर पाणी विरजणासारखे घालायचे आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवायचे. पीठ आंबले की त्यातले थोडे पाण्यात शिजवून पुन्हा त्यातच मिसळायचे. मग मोठ्या मातीच्या तव्यावर पातळ पीठ बाहेरून आत गोल गोल सोडत यायचे आणि झाकण ठेवायचे. उलटायचे नाही, एकाच बाजूने भाजायचे. वरच्या बाजूला बारीक बारीक भोके पडतात. त्यांना तिथे ‘डोळे’ म्हणतात. डोळे जितके भरगच्च, तितकी सुगरण चांगली. चव आंबट, पोत मऊ आणि जाळीदार. पहिल्या दिवशी आंबटपणा जिभेला टोचतो. पण आंबोळीवर आणि ताकातल्या कण्यांवर वाढलेली जीभ फार दिवस तक्रार करत नाही.

बरोबर काय खायचे? इथे आपल्या माणसाला पहिला सुखद धक्का बसतो. तिथल्या गरिबाच्या घरचे रोजचे कालवण म्हणजे शिरो. हरभरा, वाटाणा किंवा बाकला भाजून, मसाला घालून दळून आणायचा. कांदा परतायचा, पाणी घालायचे, ते पीठ वैरायचे आणि रटरट शिजवायचे. अहो, हे तर आपले पिठले! भाजी नाही, पाहुणा अचानक आला, महिनाअखेर आली, अशा वेळी जसे आपल्याकडे पिठले उभे राहते, तसा तिकडे शिरो उभा राहतो. मसुराची लाल आमटीही असते. तिला मिसिर म्हणतात, नावसुद्धा ओळखीचे वाटते. तिखटपणा येतो तो बेरबेरे या मसाल्याने. वाळवलेल्या लाल मिरच्या, लसूण, आले, मेथी, ओवा, कलौंजी, रानवेलदोडा आणि तुळशीच्या कुळातली एक वनस्पती, असे बरेच काही त्यात असते. मिरच्या उन्हात वाळत घालायच्या, निवडायच्या, गिरणीतून आणायच्या आणि वर्षाची बेगमी करायची. आपल्याकडच्या उन्हाळी कांडपाच्या दिवसांची आठवण व्हावी असा तो सगळा खटाटोप असतो.

शिळी भाकरी उरली तर आपण कुस्करून फोडणी देतो. तिथे शिळ्या इंजेराचे तुकडे मसाल्याच्या रशात परततात आणि त्याला फिरफिर म्हणतात. उरलेले वाळवूनही ठेवतात. अन्न टाकायचे नाही, ही गोष्ट दोन्हीकडच्या आयांना कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती.

शाकाहारी माणसाचे तिथे काय होत असेल, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. मांस तिथे आवडीने खातात, सणाला तर हवेच. पण तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास पाहून आपले एकादशीवालेही थक्क होतील. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास. ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपास. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांचा आणखी एक. सगळे मिळून सामान्य भाविकालाही वर्षातले सुमारे १८० दिवस उपासाचे येतात. उपासाला मांस, अंडी, दूध, तूप वर्ज्य. धान्य आणि डाळी चालतात. आता गंमत पाहा. आपल्या उपासाला दूध-तूप चालते, धान्य आणि डाळ चालत नाही. त्यांचे नेमके उलटे. आपण साबुदाण्यावर तूप सोडून उपास केला म्हणतो, ते आमटी-भाकर खाऊन उपास केला म्हणतात. दोघांचीही श्रद्धा खरी, दोघांचाही संयम खरा. कुणाचा उपास मोठा, हा वाद घालणाऱ्याने एकदा पाने अदलाबदल करून जेवावे, म्हणजे झाले.

पण शिक्षकाने यातून घ्यायचा धडा निराळाच आहे. कित्येक भाविक उपासाच्या दिवशी दुपारपर्यंत काहीच खात नाहीत. रमजानच्या महिन्यात मुसलमान विद्यार्थी दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि त्या देशात साधारण तिसरा माणूस मुसलमान आहे. सकाळच्या शेवटच्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगा मान टाकून बसला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी वार कोणता आहे, महिना कोणता आहे, हे शिक्षकाला ठाऊक असायला हवे. हे ज्ञान शिक्षणशास्त्राच्या पदवीत मिळत नाही. शेजारच्या घरी आज कशाची आमटी शिजते आहे, एवढे पाहिले की ते मिळते.

आणि उपासाखेरीजही भूक असतेच. आसपासच्या खेड्यांतली मुले शिकण्यासाठी शहरात येतात, तिघे-चौघे मिळून एक खोली घेतात, आणि घरून आणलेल्या पिठावर, इंजेरावर आठवडा काढतात. हे ऐकताना आपल्याकडच्या एस. टी. च्या टपावरून, ड्रायव्हरच्या शेजारून तालुक्याच्या गावी जाणारे डबे तुम्हांला आठवले असतील. डब्यावर नावाची चिठ्ठी, आत दोन भाकऱ्या, चटणी, कधी कांदा. त्या डब्यांवर आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी मॅट्रिक गाठले. तिकडची मुलेही तशीच शिकतात. तेफाचेही प्रकार आहेत, बरं का. पांढरे तेफ महाग, लाल तेफ स्वस्त. पांढऱ्याचा इंजेरा प्रतिष्ठेचा, लालचा गरिबाचा. वास्तविक लोह लाल तेफात जास्त असते. सडीक तांदूळ आणि हातसडीचा तांदूळ यांची आपल्याकडे जी गत, तीच ही. पैशाने प्रतिष्ठा विकत मिळते, रक्त मिळत नाही.

आता पंगतीकडे वळू. तिथे जेवायला एकच मोठे ताट असते. त्यावर इंजेरा पसरलेला, वर आमट्यांचे आणि भाज्यांचे छोटे छोटे ढीग. यजमान तांब्या आणि घंगाळ घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतो. मग सगळे त्या एकाच ताटातून, उजव्या हाताने, आपापल्या बाजूने जेवतात. जेवताना कुणी दारात आले तर ‘इनिब्ला’ म्हणतात, म्हणजे ‘चला, जेवू या.’ आपल्या खेड्यात दारावरून जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतात, तेच हे. आणि मग तो क्षण येतो. घरची माउली इंजेराचा एक मोठा घास करते, कालवणात बुडवते, आणि आपल्या हाताने तुमच्या तोंडात घालते. याला गुर्शा म्हणतात. हा मान आहे. नको म्हणणे तिथल्या रीतीला धरून नाही.

आता आपण उष्ट्या-खरकट्याचे नियम पाळत वाढलेली माणसे. कुणाच्या ताटातले खायचे, कुणाच्या हातचे पाणी घ्यायचे, कुणाला पंगतीत कुठे बसवायचे, यावर आपल्या समाजाने शतकानुशतके माणसे तोडली. महाडचे चवदार तळे १९२७ सालचे आहे, ते फार लांबचे नाही. म्हणून तो गुर्शाचा घास तोंडात घेताना आपल्या माणसाला जरा थांबायला होते, आणि ते थांबणे त्याचे त्यालाच पुष्कळ काही सांगून जाते. एका ताटात जेवलेली माणसे एकमेकांना दगा देत नाहीत, असे तिथे मानतात. आपल्याकडे आई लेकराला घास भरवते, नवरा-नवरी लग्नात भरवतात. तिथे तो घास पाहुण्यालाही मिळतो, मास्तरालाही मिळतो. आपल्या रीतीत थोडी जागा केली, तर हे आपल्यालाही जड नाही.

जेवण झाले की कॉफी. कॉफीचे झाड मूळचे त्या देशाचे, तेव्हा तिचा थाट तिथेच पाहावा. घरातली बाई कच्चे दाणे धुऊन निखाऱ्यावर भाजते, भाजताना उठणारा धूर प्रत्येकाच्या नाकाशी नेते, मग दाणे कुटते आणि मातीच्या उभट सुरईत उकळते. धूप जळत असतो. बिनकानाच्या इवल्या पेल्यांतून कॉफी तीनदा देतात. तिसऱ्या फेरीला ‘बेरेका’ म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. पहिला पेला पिऊन उठू नये. या सगळ्याला तास-दीड तास लागतो. बोलायचे ते याच वेळात बोलतात. पहिल्या पेल्याला हवापाणी, दुसऱ्याला घरातले आजारपण. तिसऱ्या पेल्याला बाप हळूच सांगतो की, मुलीला पुढच्या वर्षी शाळेत पाठवणे जमेल असे वाटत नाही, पाणी आणायला आणि जळण गोळा करायला घरात दुसरे कुणी नाही. हे वाक्य पालकसभेत कधीही उच्चारले जात नाही. ज्या शिक्षकाला घाई आहे त्याच्या कानावर ते पडत नाही, आणि ज्याच्या कानावर पडले तोच त्या मुलीसाठी काही बोलू शकतो, घरी पुन्हा एकदा जाऊ शकतो.

आता तुम्हांला एक गोष्ट सांगतो, तिचे नवल अजून माझ्या मनातून जात नाही. बरण्या संपल्यावर, घरची आठवण आली म्हणून तुम्ही बाजारात हिंडू लागता. एका पोत्यात ज्वारी दिसते. तिला तिथे माशिला म्हणतात. दुसऱ्या पोत्यात नाचणी. तिला दागुसा म्हणतात. तिसऱ्यात काळे, लांबट, चकचकीत दाणे. मूठभर हातात घेऊन पाहता तो कारळे! आपले कारळे, नाशिककडची खुरासणी, जिची चटणी भाकरीबरोबर खातात. तिथे तिला नूग म्हणतात आणि तिचे तेल काढतात. तुम्हांला वाटते, वा, आपली धान्ये इथपर्यंत पोचली तर! पण वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात ते नेमके याच्या उलट. ज्वारी मूळची आफ्रिकेच्या ईशान्य भागातली, सुदान आणि इथिओपियाच्या बाजूची. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली, युगांडा ते इथिओपिया या पट्ट्यातली. आणि कारळे तर इथिओपियाचेच. त्याच्या शास्त्रीय नावात सुद्धा ॲबिसिनिया आहे, म्हणजे इथिओपियाचे जुने नाव. हजारो वर्षांपूर्वी, व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या हातून, ही बियाणी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि आपल्या काळ्या मातीत, लाल मातीत रुजली.

म्हणजे पाहा. ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, कारळ्याची चटणी हे आपल्या खेड्यातले अस्सल घरचे जेवण. बाहेरचे वारे न लागलेले, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते ताट त्या मुलखातून आलेले आहे. आणि त्यावरची लाल मिरची? ती अमेरिका खंडातली. गेल्या चार-पाचशे वर्षांत ती आपल्याकडेही आली आणि त्यांच्याकडेही गेली. आपले आणि परके यांच्यात आपण जी रेघ मारतो, ती ताटात कुठे सापडते का, तुम्हीच शोधा. म्हणून त्या बाजारात ज्वारीचे पीठ घेऊन घरी आलेला, भाकरी थापणारा मराठी शिक्षक परक्या देशात आपले अन्न शिजवत नसतो. तो ज्वारीला तिच्या माहेरी भेटत असतो.

हे सगळे गोडच आहे, असे मात्र समजू नका. त्या देशाने १९८४ चा भीषण दुष्काळ पाहिला, जसा आपण १९७२ चा पाहिला आणि मिलो व सुकडी खाऊन काढला. २०२० ते २०२२ या काळात त्याच्या उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतात मोठे युद्ध झाले. २०२३ पासून बाहिर दार ज्या अम्हारा प्रांतात आहे तिथेही लढाई पेटली. शाळा बंद पडल्या की काय होते, ते पालकांना सांगावे लागत नाही. अशा वेळी ज्यांच्या ताटातला घास आपण खाल्ला, ती माणसे वर्तमानपत्रातला आकडा राहत नाहीत. तिकडची बातमी आली की आधी त्या घरच्या मुलांची नावे आठवतात. अन्नाने जोडलेले नाते हे असे असते.

आता शेवटचे, आणि ते खास शिक्षकबंधुभगिनींसाठी. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे आफ्रिकेत चाललो आहोत? पण साताऱ्याचा शिक्षक धडगावला जातो, कोल्हापूरची शिक्षिका भामरागडला जाते, कोकणातला गुरुजी मेळघाटात धारणीला जातो, तेव्हा तोही परमुलूखच असतो. भाषा निराळी, सण निराळे, ताट निराळे. तिथली मुले भगर खातात, मोहाची फुले वेचायला जातात, हंगामात वर्ग रिकामे पडतात. अशा ठिकाणी दोन तऱ्हेचे शिक्षक दिसतात. एक आपला डबा घेऊन येतो, खोलीचे दार लावून जेवतो, आणि पाच वर्षांनी बदली होईपर्यंत दिवस मोजतो. दुसरा पहिल्याच आठवड्यात मुलांना विचारतो, ‘आज काय खाऊन आलात रे?’ या एका प्रश्नात गावाची शेती येते, हंगाम येतो, उपास येतो, कोण उपाशी आले आहे तेही येते. त्यांच्या धान्यांची नावे त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहा, मग शेजारी पुस्तकातली नावे लिहा. भूगोल आणि भाषा दोन्ही एका तासात होतात. आणि कुणी घरी बोलावले तर जा. बसा, तिसऱ्या पेल्यापर्यंत थांबा.

सामान बांधताना बरणी जरूर न्या. आईने दिलेली बरणी कुणी टाकू नये. फक्त ती रिकामी झाल्यावर तशीच परत आणू नका. तिथल्या अंगणात वाळलेले काहीतरी तिच्यात भरून आणा, आणि ते कसे शिजवतात ते आपल्या माणसांना सांगा.